इन्फोपाथनंतर मागणीपत्राचा फॉर्म आणि त्याचा फ्लो कसा रचावा?

धागाकर्ता: नोंदकार

नमस्कार.

ज्या कारखान्यांत, महाविद्यालयांत आणि सहकारी संस्थांत पूर्वीच शेअरपॉइंट, म्हणजे फाइली आणि नोंदींच्या याद्या ठेवण्याचे मायक्रोसॉफ्टचे साधन, आले, तेथे आजही इंडेंट, रजेचा अर्ज, गेटपास, प्रवासभत्त्याचे बिल असे अनेक फॉर्म इन्फोपाथ या फॉर्म बनवण्याच्या साधनात केलेले आढळतात आणि त्यांच्या मंजुरीची साखळी, म्हणजे वर्कफ्लो, शेअरपॉइंट डिझायनरमध्ये रचलेली असते. इन्फोपाथ ऑफिस २००३ बरोबर आले, २०१३ ही त्याची शेवटची आवृत्ती ठरली, आणि पुढची आवृत्ती निघणार नाही हे मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१४ मध्येच जाहीर केले होते. फॉर्म चालत होते, म्हणून त्यांना कोणी हात लावला नाही. आता मुदती ठरलेल्या आहेत. शेअरपॉइंट ऑनलाइनवरील २०१० पद्धतीचे वर्कफ्लो १ नोव्हेंबर २०२० पासून काढण्यात आले, २०१३ पद्धतीच्या वर्कफ्लोंसाठी २ एप्रिल २०२६ ही तारीख दिली गेली, आणि इन्फोपाथ व शेअरपॉइंट डिझायनर २०१३ या दोहोंसाठी १४ जुलै २०२६.

या निमित्ताने बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट होताना मी पाहतो. जुना वर्कफ्लो समोर ठेवायचा आणि त्यातील प्रत्येक पायरी पॉवर ऑटोमेट या मायक्रोसॉफ्टच्या नव्या साधनात जशीच्या तशी उतरवायची. परिणामी चाळीस-पन्नास पायऱ्यांचा एक लांबलचक फ्लो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या पायऱ्यांची साखळी, तयार होतो, जो अर्ज आल्यावर सुरू होतो आणि शेवटच्या सहीपर्यंत थांबून राहतो. माझे मत असे आहे की ही रचनाच चुकीची आहे. अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे ही माहिती फ्लोच्या पोटात न ठेवता शेअरपॉइंटच्या लिस्टमधील, म्हणजे नोंदींच्या तक्त्यातील, एका रकान्यात ठेवावी आणि फ्लो लहान, एकेका कामापुरते ठेवावेत. हे मत मांडण्यासाठीच हा धागा काढला आहे.

उदाहरण म्हणून साधे मागणीपत्र, म्हणजे इंडेंट, घेऊ. मी चाकण परिसरातील एका मध्यम आकाराच्या कारखान्यात हेच काम पाहतो, त्यामुळे त्याचा प्रवास मला जवळून ठाऊक आहे. सुपरवायझर वस्तू, नग आणि कारण लिहितो. स्टोअर शिल्लक पाहून शेरा देते. विभागप्रमुख सही करतात. रक्कम ठरावीक मर्यादेपलीकडे असेल तर प्लांटप्रमुखांची सही लागते. मग कागद परचेसकडे जातो, तेथे कोटेशने मागवली जातात, ऑर्डर निघते, माल आल्यावर जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, होते आणि अखेरीस बिल अकाउंट्सकडे पोचते.

कागदावर हे सारे सुरळीत चालत असे, कारण कागदाच्या समासात माणसे बरेच काही लिहीत असत. ‘चर्चा करावी’, ‘दहाऐवजी सहा नग द्यावेत’, ‘पुढील महिन्यात पाहू’, ‘जुना नग परत घेऊनच द्यावा’ हे शेरे म्हणजे निर्णयच असतात. फ्लो करताना मात्र आपण अधिकाऱ्यापुढे ‘मंजूर’ आणि ‘नामंजूर’ अशी दोनच बटणे ठेवतो. मग ज्यांना खुलासा हवा असतो ते काहीच दाबत नाहीत, फोन करतात, आणि अर्ज तसाच पडून राहतो. पॉवर ऑटोमेटच्या अप्रूव्हलमध्ये, म्हणजे मंजुरी मागणाऱ्या पायरीत, स्वतःची उत्तरे ठरवण्याची सोय आहे. त्यामुळे मंजूर, अंशतः मंजूर, खुलाशासाठी परत आणि नामंजूर असे किमान चार पर्याय पहिल्या दिवसापासून द्यावेत, असा माझा आग्रह आहे. सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वी गेल्या वर्षभराची जुनी मागणीपत्रे काढून त्यांवरील शेरे वाचावेत. फॉर्ममध्ये कोणते रकाने हवेत आणि फ्लोला कोणत्या वाटा हव्यात, हे त्या शेऱ्यांइतके स्पष्ट दुसरे कोणी सांगणार नाही.

आता लांब फ्लोचा दोष सांगतो. पॉवर ऑटोमेटमध्ये फ्लोची एक फेरी जास्तीत जास्त ३० दिवस चालू शकते आणि अप्रूव्हलची वाट पाहणारी पायरीही त्याच मर्यादेत येते. ज्या खरेदीत कोटेशनांना तीन आठवडे लागतात आणि मग मंजुरीचा दुसरा टप्पा येतो, तेथे फेरी मध्येच संपते. अशा वेळी फ्लो कोठे पोचला होता हे शोधायला फेऱ्यांची यादी पाहावी, तर तीही २८ दिवसांपलीकडची दिसत नाही. शिवाय चालू फेरी फ्लोच्या ज्या आवृत्तीवर सुरू झाली त्याच आवृत्तीवर संपते. म्हणजे मधल्या काळात खरेदीची मर्यादा बदलली, तर जुने अर्ज जुन्याच नियमाने पुढे जातात आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

हीच माहिती लिस्टच्या ‘स्थिती’ या रकान्यात असली की चित्र बदलते. अर्ज दाखल झाला की पहिला फ्लो त्याला क्रमांक देऊन स्थिती ‘स्टोअरकडे’ अशी करतो आणि संपतो. स्टोअरचा शेरा आला की दुसरा फ्लो जागा होतो, पुढचा अधिकारी ठरवतो, स्थिती बदलतो आणि संपतो. एखादा फ्लो बिघडला, तरी अर्ज कोणत्या टेबलावर आहे हे लिस्ट उघडताच दिसते. उद्या पॉवर ऑटोमेटची जागा दुसऱ्या साधनाने घेतली, तरी लिस्ट, तिच्यातील नोंदी आणि नियम जागच्या जागी राहतात. इन्फोपाथच्या बाबतीत आज जी धावपळ चालली आहे तिचे मूळ हेच आहे की डेटा, फॉर्म आणि नियम एकाच साधनात एकमेकांत गुंतलेले होते.

या पद्धतीत एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. ‘नोंद तयार झाल्यावर किंवा बदलल्यावर’ या ट्रिगरवर, म्हणजे फ्लो सुरू करणाऱ्या घटनेवर, चालणारा फ्लो जर तीच नोंद बदलत असेल, तर तो स्वतःलाच पुन्हा जागे करतो. म्हणून ट्रिगरच्या सेटिंगमध्ये अट घालावी की स्थिती अमुक असेल तरच फ्लो सुरू व्हावा. फ्लोच्या आत पहिल्या पायरीवर अट तपासणे हा पर्याय पुरेसा नाही, कारण त्यात निरर्थक फेरी सुरू होतेच आणि रोजच्या मर्यादेत मोजलीही जाते.

दुसरी बाब अधिकारतालिकेची. मंजुरी देणाऱ्याचा ई-मेल पत्ता फ्लोमध्ये लिहू नये. विभाग, टप्पा, रकमेची मर्यादा, अधिकारी, त्यांच्या अनुपस्थितीत कोण आणि कोणत्या तारखांसाठी, असे रकाने असलेली वेगळी लिस्ट करावी आणि फ्लोने दर वेळी तीच वाचावी. बदली झाली किंवा कोणी दिवाळीच्या रजेवर गेले, तर प्रशासन विभागातील कर्मचारी एक ओळ बदलेल आणि काम पुढे चालू राहील. कर्मचाऱ्याचा वरिष्ठ कोण हे संस्थेच्या खात्यांच्या डिरेक्टरीतून आपोआप घेण्याचीही सोय आहे, पण तेथे वरिष्ठाचे नाव भरलेले नसेल तर ती पायरी अयशस्वी होते, आणि आपल्याकडे ती माहिती अद्ययावत असल्याचे मी फार थोड्या ठिकाणी पाहिले आहे.

तिसरी बाब सर्वांत त्रासाची आहे. इन्फोपाथमध्ये एकाच फॉर्मात हव्या तितक्या ओळींचे कोष्टक घालता येत असे, म्हणजे एका मागणीपत्रात बेअरिंग, पट्टा आणि ग्रीस अशा तीन वस्तू सहज मावत. मायक्रोसॉफ्ट फॉर्म्समध्ये किंवा शेअरपॉइंट लिस्टच्या साध्या फॉर्ममध्ये ही सोय नाही. काहीजण वस्तू १, वस्तू २, वस्तू ३ असे रकाने करून वेळ मारून नेतात, पण मग ‘या वर्षी ६२०५ क्रमांकाची बेअरिंग किती मागवली’ या साध्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. योग्य मार्ग म्हणजे मागणीपत्रांची एक लिस्ट आणि वस्तूंची दुसरी लिस्ट करून वस्तूच्या प्रत्येक ओळीत मागणीपत्राचा आयडी ठेवणे. भरण्यासाठी सोपा पडदा हवा असेल तर पॉवर ॲप्स या मायक्रोसॉफ्टच्या ॲप बनवण्याच्या साधनात छोटे ॲप करावे लागते. हे काम वाढते हे खरे आहे, पण ते टाळून पुढे जाता येत नाही.

आपले अनुभव आणि मतभेद दोन्ही वाचायला आवडतील.

प्रतिसाद: मृदगंध

लेख मुद्देसूद आहे आणि स्थितीचा रकाना वेगळा ठेवण्याचे कारण पटले. माझ्या दोन शंका आहेत. लांब फ्लोचा एक फायदा असा की संपूर्ण प्रवास एका चित्रात दिसतो. सहा लहान फ्लो केल्यावर नव्या माणसाला ते एकमेकांशी कसे जोडलेले आहेत हे कळणार कसे? आणि कोणताच फ्लो थांबून राहणार नसेल, तर आठवणपत्र कोण पाठवणार?

नोंदकार

पहिल्या शंकेचे उत्तर म्हणजे स्थितींचे एक कोष्टक. सध्याची स्थिती, कोणाची कोणती कृती, पुढची स्थिती आणि ते काम करणाऱ्या फ्लोचे नाव, इतके चार रकाने पुरतात. हे कोष्टक एका पानात मावते आणि ते खरेदी विभागाच्या प्रमुखांनाही वाचता येते, जे पन्नास पायऱ्यांच्या चित्राबद्दल म्हणता येणार नाही. आमच्याकडे या कोष्टकावर विभागप्रमुखांची सही झाल्याशिवाय फ्लो बदलत नाही.

आठवणीसाठी रोज सकाळी ठरावीक वेळी चालणारा एक स्वतंत्र फ्लो करावा. तो प्रलंबित अर्ज वाचतो, स्थिती शेवटची कधी बदलली ते पाहतो आणि प्रत्येक अधिकाऱ्याला त्याच्याकडील सर्व अर्जांचा एकच मेल पाठवतो. प्रत्येक अर्जामागे स्वतंत्र मेल जाऊ लागले की लोक ते वाचायचे सोडून देतात. याच फ्लोने मुदत उलटलेले अर्ज अधिकारतालिकेतील पर्यायी अधिकाऱ्याकडे वळवावेत. येथे ‘नोंदी आणा’ ही पायरी मूळ सेटिंगमध्ये १०० नोंदीच आणते, हे ध्यानात ठेवावे. पेजिनेशन, म्हणजे पुढच्या नोंदीही टप्प्याटप्प्याने आणण्याची सोय, चालू केले नाही तर १०१ वा अर्ज कोणालाच दिसत नाही आणि फ्लो मात्र हिरवी खूण दाखवून यशस्वी झाल्याचे सांगतो.

प्रतिसाद: खतावणी

मी अंतर्गत लेखापरीक्षणाच्या बाजूने लिहितो आहे, कारण फॉर्म रचणाऱ्यांकडून ही बाजू बहुधा शेवटी विचारात घेतली जाते.

लिस्टचा आवृत्ती-इतिहास चालू असेल तर कोणत्या रकान्यात कधी काय बदलले हे दिसते. परंतु फ्लो ज्या खात्याच्या कनेक्शनने चालतो, त्याच खात्याचे नाव ‘बदल करणारा’ म्हणून नोंदले जाते. त्यामुळे वर्षभराची सर्व मंजुरी एकाच खात्याने दिल्यासारखी दिसते. निर्णय देणाऱ्याचे नाव, वेळ आणि शेरा हे अप्रूव्हलच्या उत्तरातून घेऊन स्वतंत्र रकान्यांत लिहावेत, ही माझी पहिली विनंती आहे.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. शेअरपॉइंटमध्ये एकेका रकान्यापुरते वेगळे अधिकार देता येत नाहीत. ज्याला नोंद बदलण्याचा अधिकार आहे तो स्थितीचा रकानाही बदलू शकतो. फॉर्मवर तो रकाना लपवला, तरी लिस्टच्या ग्रिड व्ह्यूमध्ये, म्हणजे एक्सेलसारख्या दृश्यात, जाऊन तो बदलता येतो. म्हणजे सुपरवायझर स्वतःचेच मागणीपत्र ‘मंजूर’ करू शकतो. स्थिती लिस्टमध्ये ठेवण्याची पद्धत मला मान्य आहे, पण हा दरवाजा बंद केल्याशिवाय ती वापरू नये.

कायद्याबाबतही थोडे सांगतो. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ३ मध्ये डिजिटल स्वाक्षरी आणि २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३-अ मध्ये इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी यांची व्याप्ती ठरलेली आहे. टीम्स या मायक्रोसॉफ्टच्या संवादाच्या ॲपमधील ‘मंजूर’ हे बटण दाबणे म्हणजे त्या अर्थाने स्वाक्षरी नव्हे. संस्थेच्या आतील मंजुरीसाठी ते पुरते, कारण तेथे अधिकार संस्थेच्या अंतर्गत नियमांतून येतो. पुरवठादाराशी होणाऱ्या कराराला मात्र त्यावर विसंबू नये.

नोंदकार

खतावणी यांनी दाखवलेला धोका खरा आहे आणि त्याचे उत्तर रचनेतच द्यावे लागते. मी वापरतो ती पद्धत अशी. मागणीपत्रांच्या लिस्टवर अर्जदारांना ‘नोंद घालता येईल, पण बदलता येणार नाही’ अशी अधिकारपातळी द्यावी. अशी पातळी साइटच्या सेटिंगमध्ये नव्याने तयार करता येते. निर्णयांसाठी आणखी एक लिस्ट करावी, तिला मी ‘निर्णयनोंद’ म्हणतो. अधिकारी मेलमधील दुवा उघडून त्या लिस्टमध्ये मागणीपत्राचा क्रमांक, टप्पा, निर्णय आणि शेरा अशी एक ओळ घालतो. ही ओळ त्याने स्वतः घातलेली असल्यामुळे ‘तयार करणारा’ या रकान्यात शेअरपॉइंट त्याचेच नाव लिहिते आणि ते कोणाला हाताने भरता येत नाही. फ्लो त्या नावाची अधिकारतालिकेशी पडताळणी करतो आणि मगच मुख्य लिस्टमधील स्थिती बदलतो. अर्जदाराचा खुलासाही याच लिस्टमध्ये नवी ओळ म्हणून येतो, त्यामुळे मूळ मागणीपत्र जसे दाखल झाले तसेच राहते.

यात टीम्समधून एका बटणात मंजुरी देण्याची सोय जाते. लहान रकमांसाठी मी ती सोय ठेवतो आणि मर्यादेवरील खरेदीसाठी निर्णयनोंद वापरतो. प्रत्येक नोंदीचे अधिकार वेगळे तोडून देणे हाही मार्ग आहे, पण एका लिस्टमध्ये असे वेगळे अधिकार असलेल्या नोंदी ५,००० पर्यंतच ठेवाव्यात अशी मायक्रोसॉफ्टची शिफारस आहे. मोठ्या लिस्टसाठी तो मार्ग मला योग्य वाटत नाही.

प्रतिसाद: अनुस्वार

मराठीतून फॉर्म करणाऱ्यांसाठी काही बारकावे नोंदवतो, कारण इंग्रजी मार्गदर्शिकांत ते सापडत नाहीत.

शेअरपॉइंटमध्ये कॉलम तयार करताना जे नाव देतो त्यावरून त्याचे अंतर्गत नाव कायमचे ठरते. ‘रजा’ असे नाव दिले तर र, ज आणि काना या प्रत्येकासाठी युनिकोड क्रमांकाचा, म्हणजे अक्षराच्या संगणकीय क्रमांकाचा, सात अक्षरी सांकेतिक तुकडा तयार होतो आणि अंतर्गत नाव ३२ अक्षरांवर कापले जाते. त्यामुळे ‘मागणीची तारीख’ आणि ‘मागणीचे कारण’ या दोन्ही कॉलमांची अंतर्गत नावे सारख्याच तुकड्यांनी सुरू होऊन तेथेच कापली जातात आणि दुसऱ्याच्या शेवटी केवळ एक आकडा जोडला जातो. फ्लोमधील फिल्टर अंतर्गत नावावरच चालतात, म्हणून पुढे त्यातून अर्थबोध होत नाही. उपाय सोपा आहे. कॉलम आधी रोमन लिपीतील लहान नावाने तयार करावा आणि मग त्याचे दिसणारे नाव मराठीत बदलावे. अंतर्गत नाव मूळचेच राहते.

दुसरा बारकावा स्थितीच्या नावांचा. ‘अधिकाऱ्याकडे प्रलंबित’ यातील ऱ्य युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एका कळफलकावर नुक्त्याच्या र चे स्वतंत्र अक्षर येते, तर दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि जोडणारे अदृश्य चिन्ह येते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण फ्लोची अट अक्षरांचे क्रमांक ताडून पाहते, त्यामुळे ती खोटी ठरते आणि अर्ज वेगळ्याच वाटेने जातो. तुलना नेहमी १०, २०, ३० अशा अंकी संकेतांवर करावी आणि मराठी वाक्य केवळ दाखवण्यासाठी ठेवावे. दहा-दहाच्या अंतराने संकेत दिले की मध्ये नवा टप्पा घालायलाही जागा राहते.

पॉवर ऑटोमेटमधून सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली, फाइल काढून ती थेट एक्सेलमध्ये उघडली, तर देवनागरीऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात, कारण फाइलच्या आरंभी यूटीएफ-८ ची ओळख पटवणारी खूण नसते. ती खूण फ्लोमध्येच मजकुराच्या आधी जोडून मग फाइल तयार करावी.

नोंदकार

अनुस्वार, आपण दिलेली माहिती मोलाची आहे. तारखेचा असाच एक प्रश्न येथे जोडतो. पॉवर ऑटोमेट वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत हाताळते आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. तिसऱ्या पाळीत १ एप्रिलला पहाटे दोन वाजता भरलेल्या मागणीपत्राची वेळ फ्लोला ३१ मार्च, रात्री साडेआठ अशी दिसते. त्यावरून आर्थिक वर्ष काढले तर मागणीपत्राला मागच्या वर्षाचा क्रमांक मिळतो. क्रमांक देण्यापूर्वी वेळ भारतीय प्रमाणवेळेत बदलून घेणारी पायरी घालणे अनिवार्य समजावे.

क्रमांकांविषयी आणखी एक सूचना आहे. ‘शेवटचा क्रमांक वाचा आणि एक मिळवा’ असा फ्लो करू नये, कारण दोन अर्ज एकाच क्षणी आले तर दोघांना एकच क्रमांक मिळतो. लिस्टचा आयडी वापरावा. नोंद काढून टाकली तर आयडीत खंड पडतो, पण मागणीपत्राला ते चालते. जीएसटीच्या करबीजकाला मात्र केंद्रीय जीएसटी नियमांतील नियम ४६ नुसार वर्षभरात सलग क्रमांक लागतात, म्हणून तेथे ही युक्ती उपयोगाची नाही. ते काम लेखा प्रणालीकडेच ठेवावे.

प्रतिसाद: उभाआडवा

मी थोडा असहमत आहे. तीन-चार लिस्टा एकमेकींना जोडायच्या, अधिकारपातळ्या घडवायच्या आणि पडताळणीसाठी फ्लो लिहायचे, हे सारे करण्यापेक्षा डेटाव्हर्स हा मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस घ्यावा. तेथे तक्त्यांमधील नाती, रकान्यापुरते अधिकार आणि बदलांचा लेखाजोखा या गोष्टी मुळातच आहेत. शेअरपॉइंटची लिस्ट डेटाबेस म्हणून घडलेली नाही. ५,००० नोंदींच्या पुढे इंडेक्स, म्हणजे शोध जलद करणारी सूची, नसलेल्या कॉलमवर फिल्टर लावला की ती अडते. पॉवर ॲप्समध्ये डेलिगेशन होत नसलेले, म्हणजे शोधाचे काम मूळ डेटाकडेच सोपवता न येणारे, सूत्र वापरले, तर पहिल्या ५०० नोंदीच पाहिल्या जातात आणि ती मर्यादा जास्तीत जास्त २,००० पर्यंतच वाढवता येते. ज्या रचनेला जन्मतःच मर्यादा आहेत तिच्यावर पाच वर्षांचे काम उभारणे मला धोक्याचे वाटते.

नोंदकार

तांत्रिक बाजूने आपले म्हणणे बरोबर आहे आणि ज्यांना ते परवडते त्यांनी डेटाव्हर्स अवश्य घ्यावे. अडचण लायसन्सची आहे. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या अनेक व्यावसायिक योजनांत शेअरपॉइंटसोबत फ्लो आणि ॲप वापरण्याचा अधिकार मिळतो. डेटाव्हर्सवरचे स्वतःचे ॲप मात्र प्रीमियम गटात येते आणि त्याचे लायसन्स प्रत्येक वापरकर्त्यामागे वेगळे घ्यावे लागते. मागणीपत्र भरणाऱ्यांत पाळीतील प्रत्येक सुपरवायझर येतो. केवळ एका फॉर्मसाठी इतकी लायसन्से घ्या असे मी व्यवस्थापनाला सांगू शकत नाही.

५,००० ची मर्यादा लिस्टच्या एकूण आकाराची नाही. लिस्ट ३ कोटी नोंदींपर्यंत वाढू शकते. ती मर्यादा एका वेळी चाळाव्या लागणाऱ्या नोंदींची आहे. म्हणून स्थिती, विभाग आणि तारीख या कॉलमांना लिस्ट लहान असतानाच इंडेक्स लावावेत. ॲपमध्ये शोधासाठी ‘सर्च’ ऐवजी ‘स्टार्ट्सविथ’ वापरावे, कारण शेअरपॉइंटवर पहिल्याचे डेलिगेशन होत नाही आणि दुसऱ्याचे होते. या शिस्तीत आमच्यासारख्या कारखान्याचे काम निभते. वस्तूंची यादी, किमती आणि पुरवठादार हे सारे एकत्र आणायचे ठरले, तर मीही आपल्या बाजूने बोलेन, किंवा सरळ ईआरपीकडे, म्हणजे सर्व विभागांच्या एकत्रित प्रणालीकडे, जा असे सांगेन.

प्रतिसाद: पाणवठा

आमची ग्रामीण भागात काम करणारी छोटी स्वयंसेवी संस्था आहे आणि आम्ही गूगल फॉर्म, शीट आणि ॲप्स स्क्रिप्ट यांवर प्रवासखर्चाची मंजुरी चालवतो. स्थितीच्या रकान्याची कल्पना तेथेही तंतोतंत लागू पडते, हे वाचताना जाणवले.

आमच्याकडच्या मर्यादा वेगळ्या आहेत. स्क्रिप्टची एक फेरी ६ मिनिटांत संपावी लागते. साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला १०० जणांनाच स्क्रिप्टद्वारे मेल जातात, वर्कस्पेसच्या सशुल्क खात्यावर ती संख्या १,५०० आहे. एकाच वेळी दोन अर्ज आल्यास क्रमांक सारखे होऊ नयेत यासाठी एका वेळी एकाच फेरीला पुढे जाऊ देणारी लॉक सर्व्हिस वापरावी लागते. सर्वांत मोठी उणीव गोपनीयतेची आहे. ज्याला शीट पाहता येते त्याला सगळ्या ओळी दिसतात. संरक्षित रकाने बदल रोखतात, पाहणे रोखत नाहीत. म्हणून वैद्यकीय कारणाच्या रजा आम्ही या पद्धतीत आणलेल्या नाहीत.

आणखी एक मुद्दा सर्वांना लागू आहे असे वाटते. ट्रिगर ज्याच्या खात्यातून बसवला जातो त्याच्याच नावाने तो चालतो. संस्थेचा एक कार्यकर्ता नोकरी सोडून गेला आणि त्याचे खाते बंद केले, तेव्हा त्याने बसवलेले सगळे ट्रिगर थांबले. पॉवर ऑटोमेटमध्येही असेच होते का?

नोंदकार

होय, तेथेही तसेच होते. फ्लोची कनेक्शने व्यक्तीच्या खात्याशी बांधलेली असतात. खाते बंद झाले की ती तुटतात, आणि काही वेळा पासवर्ड बदलल्यावरही पुन्हा साइन-इन करावे लागते. म्हणून फ्लोसाठी संस्थेचे स्वतंत्र खाते असावे, त्याला आवश्यक तेवढेच अधिकार असावेत आणि किमान दोन माणसे सहमालक असावीत. फ्लो अयशस्वी झाल्याची सूचना मालकांनाच जाते, म्हणून प्रत्येक फ्लोमध्ये अपयशाची वेगळी वाट ठेवून ते एका ‘त्रुटीनोंद’ लिस्टमध्ये लिहावे. सतत १४ दिवस अयशस्वी होणारा फ्लो पॉवर ऑटोमेट स्वतःहून बंद करते. प्रीमियम लायसन्स नसलेल्या खात्याचा फ्लो ९० दिवस चाललाच नाही तर तोही बंद होतो, आणि वर्षातून एकदाच लागणाऱ्या फॉर्मांना याचा फटका बसतो.

वैद्यकीय रजांविषयी आपण घेतलेला निर्णय मला फार योग्य वाटतो. शेअरपॉइंटमध्येही प्रमाणपत्राची प्रत मेलला जोडून पाठवू नये, केवळ दुवा पाठवावा. प्रत एकदा मेलमध्ये गेली की तिच्यावर लिस्टचे अधिकार चालत नाहीत.

प्रतिसाद: मृदगंध

नव्या फॉर्मांविषयी बरीच स्पष्टता आली. जुन्या नोंदींचे काय करावे? आमच्या फॉर्म लायब्ररीत इन्फोपाथचे काही हजार भरलेले फॉर्म आहेत आणि लेखापरीक्षणासाठी ते आठ वर्षे जपावे लागतात.

नोंदकार

भरलेला प्रत्येक फॉर्म ही एक एक्सएमएल फाइल, म्हणजे खुणांनी रकाने दाखवणारी मजकूर-फाइल, आहे. इन्फोपाथ गेल्यावर या फाइली लायब्ररीतून नाहीशा होत नाहीत, पण ब्राउझरमध्ये फॉर्म म्हणून उघडत नाहीत. ज्या रकान्यांना तुम्ही लायब्ररीचे कॉलम म्हणून वर आणले होते तेवढेच यादीत दिसत राहतात. कोष्टकातील ओळी, शेरे आणि जोडपत्रे फाइलच्या आतच राहतात.

त्यामुळे आजच दोन कामे समांतर सुरू करावीत. पहिले म्हणजे फॉर्म अजून उघडतो आहे तोवर प्रत्येक नोंदीची पीडीएफ काढून मूळ क्रमांकाच्या नावाने वेगळ्या, फक्त वाचता येणाऱ्या लायब्ररीत ठेवणे. लेखापरीक्षकाला जे पान हवे असते ते हेच. दुसरे म्हणजे एक्सएमएल वाचणारी छोटी स्क्रिप्ट लिहून मुख्य नोंद आणि वस्तूंच्या ओळी नव्या लिस्टांमध्ये भरणे, जेणेकरून जुन्या खरेदीवर शोध घेता येईल. जोडपत्रे बेस-६४ स्वरूपात, म्हणजे साध्या अक्षरांत रूपांतर करून, ठेवलेली असतात आणि उलगडलेल्या मजकुराच्या आरंभी फाइलचे नाव व आकार सांगणारा छोटा भाग असतो. आधी सारा मजकूर उलगडून मग तो भाग वगळावा लागतो, अन्यथा पीडीएफ किंवा छायाचित्र उघडत नाही. फॉर्मचा आराखडा मधल्या काळात बदललेला असेल तर जुन्या आणि नव्या फाइलींत रकान्यांची नावे वेगळी निघतात, म्हणून प्रत्येक वर्षातील काही फाइली हाताने ताडून पाहाव्यात. मूळ एक्सएमएल फाइली आणि फॉर्मचा टेम्प्लेट हे दोन्ही, आठ वर्षांची मुदत संपेपर्यंत, पीडीएफच्या शेजारीच ठेवावेत.